नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्यांस

शास्त्रपाठ : यहेज्केल, अध्याय ३४, ओव्या १७ ते १९



वर नेमलेला पाठ प्रथम घरी कुटुंबासह वाचावा आणि मग हा लेख हाती घ्यावा, अशी विनंती आहे. संदेष्टा येथे मेंढपाळांस दोष देऊन झाल्यावर एकाएकी मेंढरांकडे वळतो. कळपातील धष्टपुष्ट मेंढरे आधी पाण्यावर येतात, निवळ पाणी पोटभर पितात, आणि जाताना उरलेले पाणी पायांनी ढवळून टाकतात. मागाहून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांस तो गाळच प्यावा लागतो. संदेष्टा त्या पहिल्या मेंढरांस चोर म्हणत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पाणी पिणे हा अपराध नव्हे. तहान देवानेच दिली आणि पाणीही त्यानेच दिले. पिऊन झाल्यावर पाठ फिरविताना तुमचा पाय कोठे पडतो, एवढेच तो त्यांस विचारतो.

हाच प्रश्न आज आपण समुद्रासंबंधाने स्वतःस विचारणार आहो. कोणी म्हणेल, बालाघाटच्या माळावर राहणाऱ्या भूमच्या माणसाने समुद्राची चिंता कशास वाहावी? आपल्या मंडळ्यांतील कितीएक वृद्ध भावाबहिणींनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. हे खरे. तथापि समुद्र मात्र आपल्या घरी नित्य येत असतो. मृगापासून हस्तापर्यंत ज्या ढगांकडे आपण डोळ्यांत प्राण आणून पाहतो, ते समुद्रावरूनच येतात. आठवडे बाजारात पाटीत मांडलेले सुकट व बोंबील वसई-मुंबईकडील व कोकणातील किनाऱ्यांवर उन्हात वाळलेले असतात. आणि ज्या दिवशी कोरड्यास करावयास घरात दुसरे काही नसते, त्या दिवशी त्यांचे मोल कोणत्याही गृहिणीस विचारावे. मिठाची गोष्ट तर सांगावयासच नको. त्या मिठाविषयी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. २०१८ साली मुंबईच्या आय. आय. टी. या विद्यालयातील संशोधकांनी बाजारात विकले जाणारे समुद्री मीठ तपासले, तेव्हा त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सापडले. प्रभूने आपल्या शिष्यांस जी उपमा दिली, तिच्यातच आता माणसाच्या हातचा कचरा मिसळला आहे.

हा कचरा समुद्रात गेला कोठून? काही जहाजांवरून पडतो. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ नावाचे जहाज जळून बुडाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एम. एस. सी. एल्सा ३’ हे जहाज उलटले. दोन्ही वेळा प्लास्टिकचे बारीक दाणे वाळूवर पसरले व ते वेचता वेचता माणसे थकून गेली. काही कचरा म्हणजे मासेमारीची तुटकी जाळी होत. पण फार मोठा भाग जमिनीवरूनच जातो, आणि त्याची वाट म्हणजे ओढे, नाले व नद्या. २०१५ साली शास्त्रज्ञांनी एक अंदाज प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे २०१० या एका वर्षात किनाऱ्यालगतच्या देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रास मिळाले. १९५० साली साऱ्या पृथ्वीवर मिळून वर्षास सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत असे. २०१५ पर्यंत हा आकडा ३८ कोटी टनांवर गेला, आणि तोवर जेवढे टाकून देण्यात आले त्याचा दहावा हिस्सादेखील पुन्हा वापरात आला नव्हता.

आता आपल्या पाण्याची वाट पाहा. आपल्यास जवळचा समुद्र पश्चिमेस, कोकणाकडे; पण देवाने आपल्या भूमीस उतार दिला आहे पूर्वेकडे. भूम-परांड्याकडील पाणी मुख्यतः सीनेच्या खोऱ्यात उतरते. सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते, भीमा रायचुराकडे कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी मांजरा कंदकुर्तीस गोदावरीत शिरते आणि शेवटी त्याच उपसागरास जाते. म्हणजे भूमच्या पेठेत जे पाणी गटारातून ओढ्यास लागते, त्याच्या खाली सोलापूर, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असे कितीएक पाणवठे आहेत. त्यांच्या खाली मासा आहे व कासव आहे. आपण वरच्या अंगास आहो.

येथे खरे तेच सांगितले पाहिजे, कारण सत्याच्या वेदीवरून अतिशयोक्ती शोभत नाही. भूममध्ये फेकलेली प्रत्येक पिशवी समुद्रास पोहोचते असे नाही. वाटेत सीना-कोळेगावचे धरण आहे, पुढे श्रीशैलम व नागार्जुनसागर आहेत. बहुतेक पिशव्या बाभळीस अडकतात, गाळात रुततात, धरणाच्या फुगवट्यात बसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधाप्रमाणे समुद्रात जाणाऱ्या नदीवाटेच्या कचऱ्यापैकी चार पंचमांश भाग जगातील हजारावर नद्यांतून जातो, आणि त्यांत किनाऱ्यावरील शहरांच्या लहान नद्यांचा हात मोठा आहे. मग आपली सुटका झाली काय? मुळीच नाही. जी पिशवी समुद्रास गेली नाही, ती आपल्याच शिवारात राहिली, इतकाच त्याचा अर्थ. लोखंड गंजते, लाकूड कुजते, हाडाचीही माती होते. पण या पदार्थास कुजविणारे जंतू मातीत नाहीत म्हटले तरी चालेल. उन्हाने तो ठिसूळ होतो, तुटतो, तुकड्याचा कण होतो आणि कणाचा त्याहून बारीक कण. परंतु नाहीसा होत नाही. आणि तो कण कोणत्याही धरणाच्या दारातून निघून जाण्याइतका बारीक असतो.

बंधुजनहो, वरच्या अंगास असणे म्हणजे काय, हे या देशात आपल्या लोकांइतके कोणास ठाऊक असावे? आपल्या वाडवडिलांच्या काळी गावच्या नदीवर पाणवठे वाटलेले असत. वर कोणी भरावयाचे, त्याखाली कोणी, आणि अगदी खाली, जेथे गुरे धुतलेले व धुणे झालेले पाणी येई, तेथे कोणी, हे गावाने ठरविलेले असे. आपल्या पुष्कळांच्या आज्या त्या शेवटल्या पाणवठ्यावर घागर बुडवीत. १९२७ च्या मार्चात डॉ. आंबेडकरांनी महाडास जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच विटाळाच्या शिडीवर घाव घालण्यासाठी. गढूळ पाणी पिणारे मेंढरू कोणते, हे यहेज्केलाने आपल्यास शिकविण्याची गरज नाही; आपल्या घरात ती आठवण आहे. यास्तव या पाठाची धार आपल्यास दुप्पट लागली पाहिजे. काळ पालटला. आता आपल्याही हातात पिशवी आहे, बाटली आहे, पुडी आहे, आणि आपल्याही खाली कोणीतरी घागर बुडवीत आहे. ज्याने वरच्याचा पाय सोसला, त्याने खालच्याविषयी निष्काळजी व्हावे, ह्याहून दुःखाची गोष्ट मला तरी सुचत नाही.

आणि खाली केवळ माणसेच आहेत असेही नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील बाविसावी ओवी काढून पाहा. शास्त्रात जो अगदी पहिला आशीर्वाद उच्चारलेला आहे, तो मनुष्यास नव्हे. तो पाण्यातील जीवांस व आकाशातील पाखरांस आहे. मनुष्याचा आशीर्वाद मागाहून येतो. मासा व कासव यांच्या नावावर देवाचा शब्द आपल्या आधीचा आहे. आता त्या आशीर्वादाचे काय झाले ते ऐका. कासव जेलीमासा खाते. पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी त्यास जेलीमाशासारखी दिसते, म्हणून ते ती गिळते. पोट भरल्यासारखे होते आणि अन्नावाचून जीव जातो. योना समुद्रात बुडत असता त्याच्या डोक्यास शेवाळ गुंडाळले होते, असे तो आपल्या प्रार्थनेत सांगतो. आज टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत कासवांच्या माना व पाय गुंडाळले जातात, आणि त्यांस प्रार्थना करता येत नाही. किनाऱ्यावर खारफुटीची झाडे आहेत. त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोके काढतात, त्यांवर पिशव्यांचा थर बसतो आणि झाड गुदमरते. त्या झाडांच्या मुळांत माशांची पिले वाढतात. मुंबईचे कोळी बांधव जाळे ओढतात, तेव्हा माशांबरोबर कचराही वर येतो आणि तो निवडण्यात त्यांचा वेळ जातो. जगाच्या अगदी खोल समुद्रात, सुमारे अकरा हजार मीटर खाली, जेथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही, तेथेही पिशवी सापडली आहे. २०२२ साली माणसाच्या रक्तातही असे कण आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. त्याने शरीराची नेमकी काय हानी होते, याचा शोध अद्याप चालू आहे.

२०१८ च्या जुलैत मुंबईस मोठी भरती आली आणि समुद्राने मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर कचऱ्याचे ढीग आणून टाकले. योनास त्या मोठ्या माशाने कोरड्या भूमीवर ओकून टाकले, तसाच हा प्रकार. योना तेथून उठून नीट निनवेस गेला. मुंबईने तो कचरा गाड्यांत भरला आणि शहर आपल्या कामास लागले. तथापि त्याच शहरात दुसरीही गोष्ट घडलेली आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा इतका साचला होता की वाळू दिसत नसे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह नावाच्या एका वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यास बरोबर घेऊन तो हातांनी उचलण्यास आरंभ केला. दर आठवड्यास ते जात. हळूहळू शेकडो लोक येऊ लागले, कोळी आले, शाळेतील मुले आली. २०१८ च्या मार्चात त्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिले अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे जाताना दिसली. तसे तेथे पुष्कळ वर्षांत झाले नव्हते. हे गृहस्थ आपल्या धर्माचे नव्हेत. पण आशीर्वाद कोणाच्या हातून चालतो हे देवाने आपल्यास विचारून ठरविलेले नाही.

ह्याहूनही जवळची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसे पुण्या-मुंबईस गेली, हे घरोघरी ठाऊक आहे. त्यांपैकी पुष्कळ स्त्रियांस, आणि त्या बहुतेक आपल्याच दलित समाजातील, शहरात दुसरे काम मिळाले नाही; पाठीस पोते लावून त्या कचरा वेचू लागल्या. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक. पुण्यात डॉ. बाबा आढाव व इतरांच्या पुढाकाराने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ निघाली, आणि पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ नावाची या कष्टकऱ्यांची सहकारी संस्था महापालिकेच्या करारावर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. जो तुकडा त्या स्त्रीच्या पोत्यात पडला, तो मुठेत गेला नाही; मुठेत गेला नाही म्हणून भीमेत गेला नाही. समुद्राचे रक्षण करणारी मोठमोठी मंडळे जिनिव्हास व नैरोबीस बसतात. २०२२ च्या मार्चात सर्व राष्ट्रांनी प्लास्टिकविषयी करार करण्याचे ठरविले, आणि २०२५ च्या ऑगस्टात जिनिव्हाची सभा करार न होताच उठली. तेथे सभा उठली, पण येथे ही बाई सकाळी आपले पोते घेऊन निघालीच. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचीत असे. तिच्याविषयी शास्त्रात एक अख्खे पुस्तक आहे. वेचणाऱ्या बाईकडे नाक मुरडून पाहणारा ख्रिस्ती मनुष्य रूथचे पुस्तक कसे वाचतो, हे मला समजत नाही. पुण्यामुंबईकडे असलेल्या आपल्या नातलगांस एवढे तरी कळवावे की ओला व सुका कचरा वेगळा करून तिच्या हाती द्या. घाणीत हात घालून तो निवडण्याची पाळी तिच्यावर आणू नका.

प्लास्टिक हा पदार्थच सैतानाने केला, असे मात्र माझे म्हणणे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात मैल मैल पाणी वाहणाऱ्या स्त्रियांस तांब्या-पितळेच्या हंड्यापेक्षा प्लास्टिकची घागर किती हलकी, हे कोणी सांगावयास नको. ठिबकच्या नळ्या नसत्या तर आपल्या कोरड्या शिवारातील कितीएक बागा वाळल्या असत्या. घागर दहा वर्षे टिकते, नळीही पुष्कळ वर्षे चालते. दोष आहे तो घटकाभर वापरून जन्मभर मागे ठेवण्याच्या वस्तूचा. चहाचा पेला दोन मिनिटे ओठास लागतो. सुपारीची पुडी फाडून तोंडात रिकामी करण्यास तेवढाही वेळ लागत नाही.

सरकारने याविषयी कायदे केले आहेत. २००५ च्या जुलैतील मुंबईच्या जलप्रलयानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे-वाट्या यांस बंदी झाली. १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात एकदाच वापरावयाच्या कितीएक वस्तू बंद झाल्या. बाजारात मात्र दुकानदार अजून पिशवी देतो आणि आपण घेतो. दोघेही कायदा जाणतात. कैसराचे कैसरास द्यावे या वचनावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले. त्यात पिशवीचा उल्लेख नसे, एवढेच.

आपल्या गावांतील तीन चाली विशेष घातक आहेत. शिळे अन्न पिशवीत बांधून, गाठ मारून उकिरड्यावर टाकणे, ही पहिली. गाईस गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट खाते, आणि पोटात गोळा होऊन हळूहळू खंगते. जनावरांच्या डॉक्टरांनी अशा गाईंच्या पोटातून किलो किलो प्लास्टिक काढलेले आहे. ज्या तालुक्याचे नाव खव्यामुळे दूरवर जाते, ज्याच्या गावोगावी भट्टीवर दूध आटते, तेथे दुभत्या जनावराच्या वाटेत हे मरण टाकावे हा केवढा वेडेपणा! चूल पेटविण्यास पिशवीचा तुकडा वापरणे, ही दुसरी. तो चटकन पेटतो खरा. पण त्याचा धूर विषारी आहे, आणि चुलीपाशी आई बसलेली असते व तिच्या मांडीवर मूल असते. कचऱ्याचा ढीग पेटवून देणे हेही त्यातलेच. प्लास्टिक जाळून नाहीसे होत नाही, ते श्वासात जाते. शेतातील जुना मल्चिंगचा कागद व फुटक्या ठिबकच्या नळ्या बांधावरून ओढ्यात लोटून देणे, ही तिसरी. ह्या नळ्यांस भंगारवाला पैसे देतो, तरी आळसाने त्या ओढ्यात जातात.

मंडळ्यांच्या पंगतींविषयीही दोन शब्द लिहितो. पाच हजारांस जेवू घातल्यावर आपल्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, ही गोष्ट योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्याने पाच भाकरींच्या पाच हजार केल्या, त्यास उरल्यासुरल्याची काय वाण होती? तरी त्या सरोवराच्या काठी गवतावर त्याने काही पडू दिले नाही. बारा टोपल्या भरल्या. आपल्या नाताळच्या व कापणीच्या सणाच्या पंगतीनंतर प्रार्थनामंदिराचे आवार कसे दिसते, ते प्रत्येक सुवार्तिकाने मनात आणावे. पळसाच्या पत्रावळी पूर्वी आपल्याच बायका घरी लावीत. ती विद्या अजून मेलेली नाही. एखाद्या गरीब विधवा बहिणीस या कामाचे पैसे मिळाले तर तिच्या घरासही आधार होईल. ताटे व पेले मंडळीच्या खर्चाने एकदाच स्टीलचे घ्यावेत. धुण्याचे काम तरुण संघाने करावे, केवळ स्त्रियांवर ढकलू नये.

वर्षाचा पहिला मोठा पाऊस हाच ओढ्यातील साचलेले सारे वाहून नेतो, म्हणून काम त्याच्या आधी झाले पाहिजे. मृग निघण्यापूर्वीच्या एका शनिवारी प्रत्येक मंडळीने आपल्या गावचा ओढा, पुलापासून खालच्या पाणवठ्यापर्यंत, वेचून काढावा, अशी सूचना आहे. ग्रामपंचायतीस आधी कळवावे. गावातील इतर लोकांसही बोलवावे, हे काम केवळ आपले असे वाटू देऊ नये. आरंभी यहेज्केलाचा सत्तेचाळिसावा अध्याय काठावरच वाचावा. त्यात मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेली नदी क्षारसमुद्रास जाऊन मिळते आणि तेथील पाणी निरोगी करते. मग एन-गेदीपासून कोळी आपली जाळी पसरतात, व मासे नाना जातींचे असतात. वाचन झाल्यावर पोती वाटावीत. बाटल्या, दुधाच्या पिशव्या व नळ्या एका पोत्यात भराव्यात, त्या भंगारात जातात. चकाकणाऱ्या पुड्या व वेष्टने दुसऱ्या पोत्यात, त्या कोणी विकत घेत नाही, म्हणून त्यांची व्यवस्था पंचायत समितीत विचारून ठरवावी. भंगाराचे जे पैसे येतील त्यांतून पत्रावळींचा पहिला खर्च निघेल. कीटकनाशकांच्या बाटल्या, काचा व दवाखान्याच्या सुया मुलांनी उचलू नयेत. ते मोठ्या माणसांनी हातमोजे घालून करावे, आणि घरी जाण्यापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवावेत.